स्नायूचा ‘आकार’ मोजतात, ‘आकारमान’ मोजतात की ‘जाडी’?

फिजिओ_लातूर:
लातूरजवळच्या खेड्यांतल्या साठीपुढच्या लोकांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतेय. मांडीच्या पुढच्या बाजूची सोनोग्राफी करून तिथला स्नायू किती राहिलाय याचा अंदाज घ्यायचाय. मी लिहिलं, ‘स्नायूचा आकार मोजणार’. औशाकडच्या एका आजींनी लगेच विचारलं, “आकार म्हंजे गोल हाय का चपटा, ते बघणार का?” नागपूरची सहकारी म्हणते, मुळात ‘स्नायू’च चूक, ‘मांसपेशी’ लिही. काय लिहू?

गोदाकाठ:
आजींचं बरोबर आहे. आकार म्हणजे घडण. किती जागा व्यापली ते आकारमान. घनता काढताना शाळेत वस्तुमानाला आकारमानानंच भागायला शिकवतात. ‘आकारमान’ लिहा, प्रश्न मिटला.

फिजिओ_लातूर:
मिटत नाही ना. खरं आकारमान हवं तर एमआरआयमध्ये अख्ख्या मांडीचे छेद घेऊन त्यांची बेरीज करावी लागते. आम्ही मांडीवर एका ठरलेल्या जागी प्रोब, म्हणजे सोनोग्राफी यंत्राचा हातात धरायचा भाग, ठेवतो. पडद्यावर स्नायूचं आवरण पांढऱ्या रेघेसारखं दिसतं, त्याच्याखाली हाडाची ठळक रेघ. वरच्या आणि खालच्या आवरणातलं अंतर म्हणजे जाडी, ती मिलिमीटरमध्ये. आडव्या छेदाचं क्षेत्रफळ घेतलं तर चौरस सेंटिमीटर. ताकदीशी जास्त नातं या क्षेत्रफळाचं. इकाई आणि फुकुनागा या जपानी संशोधकांनी 1968 मध्येच दंडाच्या स्नायूचा छेद अल्ट्रासाऊंडनं मोजून ताकदीशी ताडून पाहिला होता. त्यात प्रोबवर हात जरा जड पडला की स्नायू दबतो आणि जाडी कमी भरते. म्हणून जेल भरपूर लावायचं, हात हलका ठेवायचा. एवढं सगळं ‘आकारमान’ या एका शब्दात कोंबलं तर जे मोजलंच नाही ते मोजलं असं सांगितल्यासारखं होईल.

जालना_शेतकरी:
म्हणजे आमच्या पीक कापणी प्रयोगासारखं झालं. ठरलेल्या तुकड्यातलं पीक कापायचं, वजन करायचं आणि त्यावरून साऱ्या मंडळाचा उतारा काढायचा. मग सरळ ‘जाडी मोजून अंदाज बांधणार’ असं लिहा की. ‘अदमास’ लिहिलं तर जुन्या माणसांना अजून जवळचं वाटंल.

वैद्य_पैठण:
मांसपेशीबद्दल बोलतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशी 500 आणि स्नायू 900, अशी वेगळी मोजणी आहे. तिथे स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे बंध आणि मांसाचे भाग त्या पेशी. मराठीनं नावं उलटी लावली. बंगालीत तर स्नायू म्हणजे मज्जातंतू. नागपूरच्या बाईंचं शास्त्राप्रमाणे बरोबर आहे.

जुना_मास्तर:
शास्त्राप्रमाणे असेल. पण मराठीत पेशी म्हणजे काय हे माध्यमिक शाळेतलं कुठलंही पोरगं सांगेल. सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ती. रक्तपेशी, पेशीभित्तिका, कर्करोगाच्या पेशी. हिंदीत तिला कोशिका म्हणतात, म्हणून त्यांना मांसपेशी चालते. आपल्याकडे ‘मांसपेशीची जाडी’ म्हटलं की वाचणारा भलतीकडेच जाईल.

वैद्य_पैठण:
चूक रूढ झाली म्हणून ती बरोबर होत नाही.

जुना_मास्तर:
मग ‘स्नायू दुखतोय’ म्हणत येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाचे तुम्ही सांध्याचे बंध तपासता का? नाही ना? तुम्हालाही कळतं तो काय म्हणतोय ते.

तालीम_परभणी:
दोन्ही शब्द पुस्तकातले. आमच्या तालमीत कुणी स्नायू मनलं नाही आन् मांसपेशीही नाही. दंड भरला, मांडी भरली, अंग पिळदार झालं. मेहनत सुटली की मांडी उतरली. हात दुमडला की दंडावर येते ती बेडकुळी. आजोबा सांगायचे, कातडीखाली बेडकी हलल्यावानी दिसतं म्हणून बेडकुळी. इंग्रजीतला मसल हा शब्दही लॅटिनमधल्या ‘छोटा उंदीर’ या शब्दावरून आलाय. तिकडं उंदीर दिसला, इकडं बेडकी. पत्रकात ‘मांडी किती उतरली ते बघणार’ असं लिहा, आजीला एका दमात कळंल.

गोदाकाठ:
आमच्या नांदेडात बेटकुळी म्हणतात. बेट म्हणजे उंचवटा, त्यावरून असणार.

तालीम_परभणी:
बेट पाण्यात असतंय. दंडावर कुठून आलं?

माय_बीड:
बेडकुळी राहू द्या, आधी सोनोग्राफीचं बघा. 2011 च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं 807 मुली होत्या. तेव्हापासून सोनोग्राफी म्हटलं की दारावरची ‘गर्भलिंग तपासणी केली जात नाही’ ही पाटी आठवते. सत्तरीच्या बाईला सोनोग्राफी करायची म्हटलं तर ती बिचकणारच.

वैद्य_पैठण:
‘श्राव्यातीत ध्वनी’ लिहा. शालेय पुस्तकातलाच शब्द आहे.

माय_बीड:
माझ्या सासूबाई ऊसतोडीला जायच्या. त्यांना या शब्दाखाली अंगठा उठवायला सांगायचं? त्यापेक्षा असं लिहा: ‘कानाला ऐकू न येणारा आवाज मांडीत सोडतात आणि त्याच्या पडसादावरून पडद्यावर चित्र दिसतं. सुई नाही, एक्स-रे नाही, पोटाची तपासणी नाही.’ शब्द वाढले तर वाढू द्या.

फिजिओ_लातूर:
हे तसंच घेते. आता सार्कोपेनिया. वयामुळे स्नायू कमी होण्याला आयर्विन रोझेनबर्ग यांनी 1989 मध्ये हे नाव सुचवलं. ग्रीकमध्ये सार्क्स म्हणजे मांस, पेनिया म्हणजे उणीव. ‘मांसक्षय’ चालेल?

माय_बीड:
नका हो. क्षय वाचलं की घरचे टीबी समजतील आणि आजीचं ताट-वाटी वेगळं काढतील.

वैद्य_पैठण:
मांसक्षय हा आयुर्वेदातला नेमका शब्द आहे. टीबीच्या भीतीपायी तो टाकून द्यायचा?

जुना_मास्तर:
पत्रकातून टाका, ग्रंथात ठेवा. ‘मांस झडणं’ काय वाईट आहे?

तालीम_परभणी:
झडणं आजारात. वयानं उतरतं.

हिंगोलीकर:
उशिरा आलो. आमच्याकडं रातच्याला पोटरीत गोळा आला की ‘शिरंवर शीर चढली’ म्हणतात. यातली शीर म्हणजे स्नायू, नस का कंडरा?

वैद्य_पैठण:
सुश्रुतात सिरा 700, त्याही वेगळ्या. गोळा येण्याशी त्यांचा संबंध नाही.

हिंगोलीकर:
मग एकीवर एक चढतंय काय?