टाइम ऑफिसात आहे. लेबर लॉचा डिप्लोमा करू की एमबीए एचआर?

टाइमकीपर_चाकण:
नमस्कार मंडळी. चाकणला कारखान्याच्या टाइम ऑफिसात (हजेरी-पगाराचं खातं) चार वर्षं आहे, शिक्षण बी.कॉम. मस्टर, ओटी, पीएफ-ईएसआयचं चलान, कंत्राटी पोरांचे गेटपास सगळं बघतो. मागच्या महिन्यात एक काका रिटायर झाले. २० वर्षं नोकरी, बेसिक-डीए मिळून २६,०००. साहेबांनी पगाराला ३० नं भागून ग्रॅच्युइटी काढली २,६०,०००. काका मला विचारतात, "बाळा, बरोबर आहे ना?" मी हो म्हणालो. नंतर मित्र म्हणाला, चूक आहे. तेव्हापासून शिकायचं डोक्यात घेतलंय. पण आता कामगार कायद्यांचे नवे कोड (एकत्र केलेले कायदे) आलेत, मग जुने कायदे कशाला शिकायचे?

निवृत्त_वेल्फेअर_ऑफिसर:
आधी काकांचे ४०,००० बघा. महिन्याच्या पगाराला भागायचं २६ नं, मग गुणिले १५ (दर वर्षाला १५ दिवसांचा पगार), गुणिले नोकरीची वर्षं. तीन लाख होतात. महिन्यातले रविवार वजा करून ते २६ आलेत. आणि तो रविवार गिरणी कामगारांना १८९० साली मिळाला, कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीनं. परळच्या ज्या संस्थेत मी शिकलो, तिला आता त्यांचंच नाव आहे.
डिप्लोमाच करा, नोकरी सांभाळून होतो. कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहेत, पण वर्षात २४० दिवस काम म्हणजे सलग नोकरी, १५ दिवसांचा पगार, हे २६ सुद्धा जुन्यातूनच आलंय. बदललं ते वेगळं लिहून ठेवा: कामगार कपातीला सरकारची परवानगी १०० ऐवजी ३०० कामगारांपासून, फिक्स्ड टर्मवाल्याला (ठरावीक मुदतीच्या करारावरच्याला) एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी.

एचआरवाली_पुणे:
मी एमबीए. दोन वर्षं 'टॅलेंट' ऐकलं, चार्जशीट (कामगाराला द्यायचं आरोपपत्र) एकदाही लिहिली नाही. नोकरीत पहिली लिहिली ती "कामावर झोपला" एवढीच. तारीख नाही, शिफ्ट नाही, मशीन नंबर नाही. चौकशीत युनियनच्या दादांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली. तरी खरं सांगते, मोठ्या कंपनीत मॅनेजर व्हायचं तर एमबीए मागतातच. आधी डिप्लोमा, मग बघा.

टाइमकीपर_चाकण:
डिप्लोमा ठरला. रविवारी राजगुरुनगरला काकांच्या घरी जातो. साहेबांना आधी सांगू की नंतर?

निवृत्त_वेल्फेअर_ऑफिसर:
आधी साहेबांना. एकटे गाठून, हिशोबाचा कागद समोर ठेवून. "चुकलात" म्हणू नका, "फरक निघतोय" म्हणा. नाहीच ऐकलं तर काकांनी कॉम्पिटंट ऑथॉरिटीकडे (ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणारा सरकारी अधिकारी, जुन्या कायद्यातली कंट्रोलिंग ऑथॉरिटी) अर्ज करायचा. तुमचं नाव त्यात कुठेही नको.