नवा स्टार ट्रेक आणि काचेपलीकडचा स्पॉक
स्टार ट्रेक ही अंतराळयानावरच्या मंडळींची जुनी टीव्ही-सिनेमा मालिका; २००९ च्या रीबूटने, म्हणजे नवे नट घेऊन पुन्हा सुरू केलेल्या सिनेमाने, तिचा पार विचका केला असं काही जण म्हणतात, ते मला नाही पटत. सुरुवातीचा केल्विन या अंतराळयानावरचा सीन आठवा, नायकाचा बाप जॉर्ज कर्क एकटा जहाजावर थांबतो, तिकडे शटलमध्ये बायको बाळंत होतेय आणि शेवटच्या क्षणी दोघं पोराचं नाव ठरवताहेत, जिम, तिच्या वडिलांचं; हाच पुढे कॅप्टन कर्क. मला तिथेच भरून आलं होतं. शिवाय टाइमलाइन वेगळी केल्यामुळे, म्हणजे गोष्ट समांतर काळात घडत असल्यामुळे, जुनं काही पुसलं जात नाही, आणि जुन्या मालिकेत कर्कचा साथी स्पॉक झालेले लेनर्ड निमॉय स्वतः म्हातारा स्पॉक म्हणून समोर येतात तेव्हा घरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. कार्ल अर्बनचा मॅकॉय, यानावरचा डॉक्टर, पण एकदम फिट्ट.

पण २०१३ चा पुढचा भाग, इन्टू डार्कनेस, आजही सलतो. १९८२ च्या जुन्या सिनेमात काचेला हात टेकवून स्पॉक मरतो त्यामागे कर्कबरोबरची कितीतरी वर्षांची दोस्ती होती. इथे तोच सीन उलटा करून कर्कला मारलं आणि खलनायक खानचं रक्त देऊन लगेच उठवलं पण. या नव्या कर्क-स्पॉकची ओळखच मुळात नवी, मग ते दुःख येणार कुठून? २०१६ च्या बियाँड या तिसऱ्या भागात जखमी स्पॉक आणि मॅकॉय दोघंच अडकतात, भांडतात, एकमेकांना सांभाळतात, तिथे मात्र माझा जुना ट्रेक परत सापडला.