कारसाठी बॅटरी स्वॅप स्टेशन होतंय म्हणे, इलेक्ट्रिक गाडी घ्यायला थांबू का? (मदत हवी आहे)

मंडळी, जरा घाईत लिहितोय, चुका पोटात घाला. मी नऱ्ह्याहून रोज हिंजवडीला जातो, जाऊन येऊन ४६ किमी, गाडी १४ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आणि आता तिच्यावर खर्च करायची अजिबात इच्छा उरलेली नाही. इलेक्ट्रिकच घ्यायची असं दिवाळीपासून घरात ठरलंय पण घोडं अडलंय ते पार्किंगमध्ये. आमच्या सोसायटीच्या कमिटीचं म्हणणं असं की एकाला चार्जर लावू दिला की उद्या चाळीस जण मागतील, आणि आग लागली तर जबाबदार कोण. मीटिंगमध्ये एक काका तर म्हणाले की रात्री गाडी चार्ज होत असेल तर मला वर झोप लागणार नाही. आता यावर काय बोलणार.

तर मुद्दा असा की सर्व्हिस रोडवर एक पेट्रोल पंप आहे, त्याच्या मागे जिथे आधी पंक्चरवाला बसायचा तिथे महिनाभर पत्रे लावून काम चाललंय. फटीतून बघितलं तर नवा कोबा केलाय, कोपऱ्यात नवीन डीपी बसवलाय, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक मोठं कपाट उभं आहे, बँकेतल्या लॉकरसारखे कप्पे कप्पे असलेलं. टपरीवाला छातीठोकपणे सांगतो की इथे कारची बॅटरी बदलून मिळणार, पाच मिनिटांत काम. त्यात सोसायटीच्या ग्रूपवर कुणीतरी चीनमधला व्हिडिओ टाकला, गाडी उलटी आत जाते, खालून बॅटरी निघते, दुसरी बसते, गाडी चालू लागते. आणि गंमत म्हणजे परवा शोरूमला गेलो तर तिथला पोरगा पण म्हणाला, सर आता बॅटरी भाड्याने घ्यायची, गाडी स्वस्त पडते. मग मला वाटलं की सगळं जुळतंय की! घरी चार्जर नको, कमिटी नको, काका झोपले तरी चालतील.

मेव्हणा म्हणतो थांब सहा महिने, स्वॅपवाली गाडीच घे. बायको म्हणते तू पेट्रोल भरत बस. कुणाला या स्टेशनबद्दल काही माहिती आहे का? आणि खरंच थांबण्यात अर्थ आहे का?

कोबा_पाहणारा:
दादा, कपाटावरूनच उत्तर मिळतंय. लॉकरसारखे कप्पे म्हणजे स्कूटर नाहीतर रिक्षाच्या बॅटऱ्या. त्या दहा-बारा किलोच्या असतात, वर हँडल असतं, माणूस हाताने ओढून काढतो. होंडाच्या ॲक्टिव्हा ई मध्ये अशाच दोन असतात, दीड-दीड किलोवॅट-अवरच्या (म्हणजे दीड-दीड युनिट वीज मावणाऱ्या). कारची बॅटरी कप्प्यात मावत नाही हो. निओ या चिनी कारकंपनीच्या १०० किलोवॅट-अवरच्या पॅकचं वजन साधारण ५५५ किलो आहे, आपल्याकडच्या छोट्या गाड्यांचा पॅकसुद्धा दोन-तीन क्विंटलच्या घरातला. तो काढायला गाडी उचलावी लागते, खालून यंत्र सरकतं, बोल्ट सुटतात, वर हाय व्होल्टेजचे कनेक्टर आणि बॅटरी थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्याही दरवेळी न गळता जोडल्या गेल्या पाहिजेत. त्यासाठी गॅरेजएवढी खोलीच लागते. कोब्याखाली खड्डा किंवा रूळ दिसतात का बघा, नसतील तर विषय संपला.

उगाच_शंका:
पण डीपी कशाला मग? स्कूटरसाठी एवढा डीपी?

कोबा_पाहणारा:
एका कपाटात डझनभर बॅटऱ्या एकाच वेळी चार्ज होतात, आणि शेजारी एखादा डीसी फास्ट चार्जर पण येत असेल. नुसत्या डीपीवरून काही ठरत नाही.

आजोळ_वाई:
धागाकर्ते, शोरूमच्या पोरानं तुम्हाला फसवलं नाही, पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. 'बॅटरी ॲज अ सर्व्हिस' म्हणजे बॅटरीचे पैसे एकदम न देता किलोमीटरप्रमाणे द्यायचे. एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा ९ लाख ९९ हजार आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये अशी ऑफर होती. बॅटरी तीच, फ्लोअरखाली बोल्टने आवळलेली, ती कुणी बदलून देत नाही, चार्ज तुम्हीच करायची आणि विजेचं बिलही तुमचंच. तुमचे महिन्याला २६ दिवस धरले तर ११९६ किमी, म्हणजे साडेतीनच्या दराने ४१८६ रुपये नुसतं बॅटरीचं भाडं. फायनान्सवाल्याची महिन्याला किमान इतके किमी अशी अट आहे का तेही आधी विचारा, नाहीतर गाडी दारात उभी असली तरी भाडं चालूच.

सिलिंडर_नं_दोन:
स्वॅपचं स्वप्न जुनं आहे. बेटर प्लेस नावाच्या कंपनीनं इस्रायल आणि डेन्मार्कमध्ये स्टेशनं उभारली, गाडी एकच, रेनॉची फ्लुएन्स, आणि २०१३ च्या मे महिन्यात दिवाळं वाजलं. त्याच वर्षी जूनमध्ये टेस्लानं स्टेजवर दीड मिनिटात बॅटरी बदलून दाखवली, मग कॅलिफोर्नियात हॅरिस रँचजवळ एक स्टेशन काढलं, आणि २०१५ मध्ये मस्क स्वतःच म्हणाले की लोकांना यात फारसा रस नाही. चाललं ते मुख्यतः निओचं, कारण गाडी त्यांची, बॅटरी त्यांची, स्टेशनही त्यांचंच. आपल्या गॅसच्या टाकीसारखं आहे हे. टाकी कुणाच्याही घरातून आली तरी सारखीच म्हणून बदलून मिळते. नेक्सॉनची बॅटरी विंडसरला बसत नाही आणि बसावी म्हणून दोघांपैकी कुणीही आपला फ्लोअर बदलणार नाही. नीती आयोगाचा एप्रिल २०२२ चा स्वॅपिंगचा मसुदा वाचा, त्यातला भरही दुचाकी-तीनचाकीवरच आहे. तुमच्या मेव्हण्याला सहा महिने कमीच पडतील.

उगाच_शंका:
टाकी तरी कुठे सारखी? एका कंपनीची दुसरीकडे नेऊन दाखवा.

सिलिंडर_नं_दोन:
बरं बाबा, तू जिंकलास.

ओस्लोची_माहेरवाशीण:
इथे ओस्लोजवळ लियरला निओचं स्टेशन २०२२ च्या जानेवारीत सुरू झालं. मैत्रिणीच्या गाडीत बसून एकदा अनुभव घेतला. गाडी आपली आपण रिव्हर्स जाते, आपण आतच बसायचं, मग लिफ्टमध्ये असल्यासारखं किंचित वर जातो आणि पायाखाली खट खट खट असे बोल्ट सुटल्याचे आवाज येतात. पाचेक मिनिटांत बाहेर. मजा आली, पण माझी गाडी दुसऱ्या कंपनीची, मला त्याचा शून्य उपयोग. आणि ही मैत्रीण सुद्धा एरवी घरीच चार्ज करते.

वायरमन_जावई:
सगळे स्वॅपच्या मागे लागलेत, मूळ दुखणं सोसायटीचं आहे. रोजचे ४६ किमी म्हणजे ७-८ युनिट. १५ अँपियरच्या साध्या सॉकेटवर तीन तासांत होतात, भिंतीवरचा ७.४ किलोवॅटचा चार्जर पण लागत नाही. ऊर्जा मंत्रालयाच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय की घरच्या असलेल्या वीज जोडणीवरून आपली गाडी चार्ज करता येते. तुमच्या फ्लॅटच्या मीटरवरून स्वतंत्र वायर ओढा, एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा) टाका, अर्थिंग तपासून घ्या, लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा रिपोर्ट जोडा आणि कमिटीला लेखी अर्ज द्या. तोंडी विचारलं की तोंडीच नाही येतं. काकांना दाखवा की साधारण एवढाच लोड त्यांचा गीझर रोज सकाळी घेतो.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. रविवारी मुद्दाम गेलो, पत्रे निघालेत. खड्डा नाही, रूळ नाहीत. मी उभा असतानाच एक रिक्षावाला आला, मोबाईल दाखवला, दोन कप्पे टक् करून उघडले, जुन्या बॅटऱ्या आत सरकवल्या, नव्या दोन्ही हातांत बादल्या उचलाव्या तशा उचलल्या आणि मी काय बघतोय म्हणून माझ्याकडेच बघत निघून गेला. टपरीवाल्याला सांगितलं तर म्हणे, पुढच्या टप्प्यात कारचं आहे.

स्वॅपचा नाद सोडला. वायरमन साहेबांनी सांगितलं तसा अर्ज टाईप करून काल सेक्रेटरींकडे दिला. पोच द्या म्हटलं तर म्हणाले, पोच कशाला, आपण घरचेच.

वायरमन_जावई:
घरचे असले तरी पोच घ्याच. नाहीतर आजच रजिस्टर पोस्टाने पाठवा.