मदत हवी आहे: स्वस्तातल्या एअर पिस्तुलाचा भरवसा कसा वाढवायचा?

लेकीच्या सरावासाठी नळी सांध्यात वाकवून छर्रा भरायचं, स्प्रिंगचं .१७७ (इंचात छर्ऱ्याचा व्यास) एअर पिस्तूल घेतलंय. (कोल्हापुरात राहून नेमबाज राही सरनोबतचं नाव सारखं कानावर पडल्यावर दुसरं काय होणार!) १० मीटरवर चार-पाच छर्रे एका जागी बसतात, मग एखादा एकदम वीतभर खाली. नळीच्या सांध्यावर टिश्यूचा कपटा ठेवून झाडलं तर तो उडतो, म्हणजे तिथलं वॉशर हवा सोडतंय बहुतेक. नेम धरायच्या मागच्या साइटचा स्क्रूही सारखा ढिला होतो.

वॉशर चामड्याचं घालावं की सिंथेटिक? स्क्रूला निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक) चालेल? दुकानदार म्हणतो, "तेल सोडा." पण सिलिंडरमध्ये तेल गेलं की ते पेटून धूर येतो आणि छर्ऱ्याचा वेग आणखीच बिघडतो ना? स्वतः उघडून दुरुस्त केलेल्या कुणीतरी सांगा. स्प्रिंगला हात लावायची माझी हिंमत नाही.