ऑफिस लोअर परळला, हातात ४८ हजार. घर कुठे बघू? डोंबिवली, बदलापूर की चाळीतली खोली?

कृष्णाकाठ_९६
नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, आत्तापर्यंत पुण्यात होतो, आता कंपनीने मुंबई ऑफिसला टाकलंय, लोअर परळला. कट होऊन हातात ४८ हजार येतात. बायको आणि तीन वर्षांची मुलगी सध्या सांगलीतच आहेत, मी कंपनीच्या गेस्ट हाऊसवर आहे पण तिथे फक्त या महिनाअखेरपर्यंतच राहता येतं. गेले दोन रविवार एजंटबरोबर फिरतोय आणि डोकं पार आऊट झालंय.
समोर आहे ते असं: डोंबिवली पूर्वेला वन बीएचके १५ हजार, डिपॉझिट ५० हजार, पण स्टेशनपासून रिक्षा लागते. बदलापूर पश्चिमेला तसाच वन बीएचके ८ हजार, बिल्डिंग नवीन, लिफ्ट, हवा मस्त. आणि तिसरं म्हणजे लालबागला चाळीत खोली, संडास कॉमन, १७ हजार, ऑफिसला चालत जाता येईल. घरचे म्हणतात बदलापूर घे, सात हजार वाचतात, लोकलचा पास तर तीनशे रुपयात मिळतो म्हणे. ऑफिस साडेनऊ ते साडेसहा, शनिवार एक आड एक. बायको पण नंतर नोकरी बघणार आहे (अकाउंट्सला आहे). तुम्ही काय केलं असतं? फ्लॅट विकत घे असं कृपया कोणी सांगू नका.

फास्ट_डोंबिवली
अरे पास तीनशे-सव्वातीनशेला मिळतो हे खरंय, पण तिथेच सगळे फसतात. लोकल हा या सगळ्या प्रवासातला सगळ्यात स्वस्त भाग आहे, पैसे जातात ते दोन टोकांना. तू म्हणतोस स्टेशनपासून रिक्षा लागते, समज शेअर रिक्षाला सीटमागे २० रुपये, जाऊन येऊन ४०, पंचवीस दिवसांचे झाले हजार. म्हणजे पासाच्या तिप्पट फक्त घर ते स्टेशन. पावसाळ्यात शेअर मिळाली नाही की पूर्ण रिक्षा करा, तिकडे दादर-परळला उशीर झाला म्हणून टॅक्सी करा (टॅक्सीचं मिनिमम फेब्रुवारी २०२५ पासून ३१ झालंय, रिक्षाचं २६). म्हणून डोंबिवलीत १५ हजारात रिक्षावालं घर घेण्यापेक्षा १६-साडेसोळात चालत स्टेशन असलेलं जुनं घर बघ, लिफ्ट नसेल, तिसरा मजला असेल, चालतंय. पूर्वेला रामनगर-टिळकनगर, पश्चिमेला स्टेशनच्या मागच्या गल्ल्या. मानपाडा रोडच्या पुढे आणि एमआयडीसीच्या बाजूला एजंट नेतो कारण तिथे माल जास्त आहे, तिकडे वळूच नको.
गाडीचं म्हणशील तर डोंबिवली लोकल इथूनच सुटते, त्यात जागा मिळायचा चान्स असतो, बाकी कल्याण-कर्जत-कसाऱ्याच्या गाड्या भरूनच येतात. काही लोक उलटं कल्याणला जाऊन तिथून बसून येतात, तू तसं करणार असशील तर पास कल्याणपासूनचाच काढ, नाहीतर टीसी बरोब्बर धरतो. आणि फास्ट परळला थांबत नाही, दादरला उतरून स्लो पकडायची. परतताना मात्र तुझी मजा आहे, २०१९ पासून परळवरूनच सुटणाऱ्या लोकल आहेत, त्यांचं टायमिंग पाठ कर, बसून घरी येशील.

पक्या_बदलापूरकर
आला डोंबिवलीवाला 😄 आमच्या गावाला नावं ठेवल्याशिवाय यांना चैन पडत नाही.
भाऊ मी गेली काही वर्षं बदलापूरहून भायखळ्याला जातो. ८ हजारात नवीन बिल्डिंगमधला वन बीएचके दुसरीकडे दाखवा. पोरांना खेळायला जागा आहे, पावसाळ्यात तर विचारूच नका. आता खरं पण सांगतो. दादरला पोचायला सव्वा तास-एक वीस मिनिटं धर, वर घरातून स्टेशन, वर दादर ते ऑफिस, म्हणजे दरवाज्यापासून दरवाज्यापर्यंत दोन तास सहज. कल्याणच्या पुढे दोनच लाईन आहेत, तिसऱ्या-चौथ्या लाईनचं काम चालू आहे ते होईल तेव्हा होईल, तोपर्यंत एखादी मालगाडी नाहीतर मेल बंद पडली की सगळं ठप्प. गाड्या पण ठरलेल्या, ७.२० ची सुटली की पुढची पाच मिनिटात येत नाही. आमचा डब्यात ग्रुप आहे, आळीपाळीने बसतो, ग्रुप नसेल तर पहिले काही महिने उभंच राहायचं हे धरून चाल.
साडेनऊचं ऑफिस असेल आणि तिकडे मस्टर कडक असेल तर मी पण तुला बदलापूर सुचवणार नाही. बारा ते नऊ शिफ्ट असती तर डोळे झाकून ये म्हटलं असतं. आणि घर बघायला रविवारी येऊ नको, आणि मे महिन्यात येऊन सोसायटीला पाण्याचं विचार. टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये आहेत का भाडेकरूवर, हे आधी कोणी सांगत नाही.

गिरणगाव_बॉय
लालबागच्या खोलीबद्दल बोलतो कारण माझं बालपण त्याच भागात गेलंय, आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला त्यानंतर घरात काय झालं ते सांगत बसत नाही, शेवटी खोली गेली आणि आम्ही विरारला. आता तू ज्या लोअर परळात काचेच्या बिल्डिंगमध्ये बसणार आहेस ती बहुतेक सगळी गिरण्यांचीच जमीन. मी पण तिथेच कामाला येतो, विरारहून. असो.
मुद्दा असा की त्या एजंटला पहिला प्रश्न विचार, खोली पागडीची (म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेली, नाममात्र भाड्याची) आहे का? जुन्या चाळीत बहुतेक तसंच असतं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली, १९९९ चा कायदा आला तरी जुन्या भाडेकरूचं संरक्षण राहिलं, त्यामुळे खोलीत राहणारा स्वतःच भाडेकरू आहे, मालकाला महिन्याला किरकोळ रक्कम देतो आणि तुला मात्र १७ हजाराने देणार. मालकाच्या परवानगीशिवाय त्याला पोटभाडेकरू ठेवता येत नाही, मग तो तुझ्याबरोबर रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट करेल कसं? नाहीच करत. तोंडी नाहीतर साध्या स्टॅम्प पेपरवर. म्हणजे तुझ्याकडे पत्त्याचा पुरावा नाही, गॅसला अडचण, पुढच्या वर्षी मुलीच्या शाळेला अडचण, आणि उद्या बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तर पहिला बाहेर तू. एकटा माणूस असता तर दोन वर्षं काढ म्हटलं असतं, खायची चंगळ, गणपतीत तर झोपच नाही. तीन वर्षांची मुलगी आणि कॉमन संडास... वहिनींना एकदा दाखवून आण आणि मग ठरव, परस्पर टोकन देऊ नको.
विरारची गर्दी वेगळ्या लेव्हलची आहे त्यामुळे तो ऑप्शन मी मुद्दामच देत नाही.

चिऊताई_कळवा
सगळे पुरुष बोलून झाले, आता माझं ऐका 🙂
बायको नोकरी बघणार आहे हे तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंत, माझ्या मते ते पहिल्या ओळीत पाहिजे होतं. तुम्ही दोघं दोन-दोन तास लांब असाल तर मुलीला बघणार कोण? पाळणाघरं सात, फार तर साडेसातला बंद होतात. साडेसहाला ऑफिस सुटून बदलापूरला साडेसातला पोचणं अशक्य, डोंबिवलीला सुद्धा धावतपळत. म्हणजे दोघांपैकी एकीला (हो, एकीलाच) घराजवळची कमी पगाराची नोकरी धरावी लागते आणि मग घरात सगळे म्हणतात बघ, भाडं कसं वाचवलं! ते सात हजार कोणाच्या पगारातून वाचले ते पण मांडा की हिशोबात.
मी आणि माझे मिस्टर कळव्याला राहतो. ठाण्याच्या मानाने भाडं बरंच कमी, आमचा वन बीएचके १८ हजार, जुनी बिल्डिंग. माझं ऑफिस ऐरोलीला, ठाण्याहून ट्रान्स हार्बर, यांचं करी रोडला. करी रोड म्हणजे तुमचंच की हो, लोअर परळ तिथून चालत आहे! कळव्याला फक्त स्लो थांबते हा तोटा, पण तुम्हाला करी रोडला जायचंय आणि तिथे पण स्लोच थांबते, म्हणजे एकच गाडी, चढायचं आणि उतरायचं, दादरचे जिने नाहीत. स्लोला वेळ थोडा जास्त जातो पण ठाण्याला बरेच लोक फास्टसाठी उतरतात तेव्हा जागा मिळते. सकाळी चढताना त्रास आहे, खोटं कशाला बोलू. आणि वहिनींना अकाउंट्सचं काम ठाणे, ऐरोली, घणसोली, वागळे इस्टेट कुठेही मिळेल, त्या अर्ध्या तासात घरी.

नागपुरी_तर्री
मी जरा उलटं बोलतो. ४८ हजारात १८ भाडं, वर पाळणाघर, वर प्रवास, वर मुंबईची भाजी. काही उरत नाही राव. सहा महिने पीजीत राहा, शेअरिंगमध्ये परळ-दादरच्या बाजूला १०-१२ हजारात कॉट मिळते, शनिवार सुट्टी असेल त्या आठवड्यात सांगली. बायकोला नोकरी पक्की झाली की मग घर घ्या, तेव्हा तिचं ऑफिस कुठे ते पण कळेल. आत्ता घेतलं आणि तिला वाशीला नोकरी लागली तर परत एजंटला एक महिन्याचं ब्रोकरेज, परत टेम्पो. आणि टॅक्समध्ये एचआरए (घरभाडे भत्ता) क्लेम करायला विसरू नको.

फास्ट_डोंबिवली
@नागपुरी_तर्री एचआरएचं काय घेऊन बसलास, एवढ्या पगाराला नव्या रिजीममध्ये टॅक्सच बसत नाही, १२ लाखांपर्यंत माफ आहे आता. जुन्या रिजीममध्ये असेल तरच पावत्या, आणि तिथे पण मुंबईत घर असेल तर मर्यादा बेसिक पगाराच्या ५० टक्के, डोंबिवली-कळवा ४० मध्ये.
एसी लोकलचं कोणी बोललं नाही म्हणून सांगतो, मे २०२२ मध्ये तिकीट निम्मं झालं तेव्हा सगळे खूश झाले पण पास कमी केला नव्हता, डोंबिवलीहून एसीचा पास दोन हजारांच्या वर जातो. फर्स्ट क्लास हजाराच्या आसपास, पण पीकला त्यात सुद्धा गर्दी तीच, फक्त बॅगा महाग.

चिऊताई_कळवा
पीजी सुचवणाऱ्यांना एकच विचारते, सहा महिने मुलीला एकटीने सांभाळत सांगलीत बसून मुंबईतल्या नोकरीचे इंटरव्ह्यू तिने द्यायचे कसे?

नागपुरी_तर्री
ऑनलाइन होतात की ताई आजकाल. पण बरं, पॉइंट आहे तुमचा. सहाच्या ऐवजी दोन-तीन महिने म्हणू.

कृष्णाकाठ_९६
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. बायकोला पूर्ण थ्रेड वाचून दाखवला, चिऊताईंचा रिप्लाय तिने दोनदा वाचायला लावला 😅 लालबाग बाद, एजंटला पागडीचं विचारलं तर म्हणाला "अहो सगळे असंच राहतात". बदलापूर पण सध्या बाद, पक्याभाऊ रागावू नका. रविवारी कळवा बघतो, डोंबिवली स्टेशनजवळचं पण एक आहे १६ चं. दोन महिने पीजी आणि तोपर्यंत घर शोधायचं असं पण होऊ शकतं.
एक शंका. डोंबिवलीचा मालक म्हणतोय अ‍ॅग्रीमेंट नोटरी करू, रजिस्टर केलं तर खर्च फार येतो, तो तुम्ही द्या. खरंच फार येतो का?

गिरणगाव_बॉय
नाही येत. लीव्ह अँड लायसन्सला (म्हणजे हाच आपला भाडेकरार) ०.२५ टक्के स्टॅम्प ड्युटी, अकरा महिन्यांच्या एकूण भाड्यावर, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून मिळवतात. तुझं १६ हजार भाडं आणि ५० हजार डिपॉझिट धरलं तर पाचशेच्या आतच. रजिस्ट्रेशन महापालिका हद्दीत हजार. बाकी एजंट दोन-तीन हजार लावतो ते घरी येऊन थंब घेण्याचे, ते काम ऑनलाइन पण होतं. आणि १९९९ च्या कायद्यात कलम ५५ आहे, अ‍ॅग्रीमेंट लेखी आणि रजिस्टर्ड पाहिजे आणि ते करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची, भाडेकरूची नाही. खर्च निम्मा-निम्मा करायची पद्धत आहे, तेवढं दे. तरी नोटरीच म्हणत असेल तर दुसरं घर बघ.

पक्या_बदलापूरकर
रागावलो नाही रे, आमच्या गाडीत एक माणूस कमी 😄 मालकाचं लाईट बिल आणि इंडेक्स टू (घर कोणाच्या नावावर रजिस्टर आहे तो कागद) बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नको, आणि अकरा महिन्यांनी भाडं किती वाढवणार ते आत्ताच अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घे. कळव्याचं घर सकाळी आठ-सव्वाआठला बघायला जा, त्यादिवशी ऑफिसला तिथूनच जा.

चिऊताई_कळवा
रविवारी नकोच, रविवारी मेगाब्लॉक असतो. सोमवारी या, पूर्वेला उतरा, मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून ठेवते, वरच्या मजल्यावरचे लोक पुढच्या महिन्यात सोडतायत असं ऐकलंय. एजंटला आत्ता काही बोलू नका.