शब्दचर्चा : ‘कोटेड’ सोन्याच्या नॅनोकणांना मराठीत काय म्हणावे?

दर्यापूर : बारावीच्या मुलांसाठी सोन्याच्या नॅनोकणांच्या अणुरचनेवर टिपण लिहितो आहे. ‘कोटेड’साठी ‘मुलामा दिलेले’ चालेल का? ‘लेपित’ फार पुस्तकी वाटते.

आर्वी : मुलामा नको, भाऊ. मुलामा म्हटला की आत पितळ आणि वर सोने, हेच डोळ्यांपुढे येते. इथे सोने आत आहे. कल्हईही नको, ती धातूवर धातूचीच असते. ‘लेप’ चालेल, पण सायट्रेटचे (लिंबातल्या आम्लाच्या क्षाराचे) आवरण असलेल्या कणांपुरताच. ०.०१ टक्के गोल्ड क्लोराइडचे ५० मिली द्रावण उकळत ठेवून त्यात १ टक्का सोडियम सायट्रेट १ मिली एकदम ओतले, की फिकट पिवळेपणा जातो, द्रावण काळपट-निळे होते आणि मग लाल. कण सुमारे १६ नॅनोमीटरचे. सायट्रेट ०.३ मिलीच घातले तर ७० नॅनोमीटरच्या आसपास जातात. या लाल द्रावणात मीठ टाका, ते निळे-जांभळे होईल. सायट्रेटचा ऋण भार झाकला जातो आणि कण एकमेकांना चिकटतात. इतके सैल बसलेले आवरण म्हणजे लेपच.

मुलांकडून करवून घेणार असाल तर गोल्ड क्लोराइडला लोखंडी चमचा लावू देऊ नका, सोने चमच्यावरच बसते. काचेचे भांडेही अगदी स्वच्छ हवे, नाहीतर लालऐवजी जांभळे द्रावण हाती येते.

पुसद : थायॉलचे, म्हणजे एका टोकाला गंधक असलेल्या कार्बनी रेणूंचे, आवरण असलेल्या कणांना मात्र ‘लेप’ अजिबात लागू पडत नाही. २००७ साली स्टॅनफर्डमध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांच्या गटाने १०२ सोन्याचे अणू आणि ४४ थायॉल असलेल्या कणाचा स्फटिक करून क्ष-किरणांनी त्याची रचना काढली. त्यात ७९ अणूंचा गाभा आहे. उरलेले २३ सोन्याचे अणू गाभ्यात नाहीत, ते आवरणात आहेत, गंधकाच्या दोन अणूंमध्ये धरलेले. म्हणजे आवरणातही सोने! भिंतीला पोतारा दिला तर भिंतीची माती पोताऱ्यात येत नाही. लेपात खालचा पृष्ठभाग जसाच्या तसा राहतो, इथे तो राहत नाही.

दर्यापूर : त्या गंधक-सोने-गंधक तुकड्याला इंग्रजीत स्टेपल म्हणतात. ‘स्टेपलरची पिन’ लिहू का?

पुसद : आपल्याकडे कोयंडा आहे ना! कडी-कोयंड्यातला. चौकटीत ठोकलेले दोन पाय आणि वर कमान. पायांच्या जागी गंधक, कमानीच्या मध्यावर सोन्याचा अणू. १०२ च्या कणात असे १९ साधे कोयंडे आहेत आणि २ लांब, ज्यांत सोन्याचे दोन-दोन अणू आणि गंधकाचे तीन-तीन. हिशेब करून पाहा : १९ आणि ४ मिळून २३ सोने, ३८ आणि ६ मिळून ४४ गंधक.

वणी : शब्द आवडला, पण एक खोट आहे. कोयंड्याचे पाय लाकडात शिरतात. गंधक गाभ्यात शिरत नाही, गाभ्याच्या वरच्या सोन्याच्या अणूशी बंध करून बसतो, साधारण ०.२३ नॅनोमीटरवर. तळटीप द्या. शिवाय प्रत्येक गंधकाला बाहेर थायॉलच्या उरलेल्या रेणूची एक शेपटी असते, ती कोयंड्यात दिसत नाही.

पुसद : मान्य, ताई. शेपटीसाठी सरकी घ्या. कापसाचा धागा सरकीला चिकटवलेला नसतो, तो तिच्या सालीचीच एक वाढलेली पेशी असतो. तो ओढून तोडावा लागतो. थायॉलही ओढला तर कधी कधी गंधक सुटण्याऐवजी सोन्याचा अणूच सोबत निघून येतो.

आर्वी : गाभ्याबद्दलही लिहा. साध्या सोन्याच्या स्फटिकात पाचपदरी सममिती (पूर्ण फेरीच्या पाचव्या भागाइतके फिरवले तरी तसेच दिसणे) नसते, या गाभ्यात आहे. भेंडीची आडवी चकती दाखवा, पोरांना लगेच कळेल.

वणी : ‘क्लस्टर’ला, म्हणजे अशा मोजक्या अणूंच्या कणाला, ‘पुंज’ लिहू नका. पुंज म्हटले की पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) आठवते, मुले गोंधळतील. ‘पुंजका’ बरा. ‘आण्विक रचना’ही टाळा, ‘आण्विक’ला अणुबॉम्बचा वास येतो. ‘अणुरचना’च ठेवा.

दर्यापूर : मग असे लिहितो : ‘सायट्रेट-लेपित सुवर्णकण’ आणि ‘थायॉल-आवृत सुवर्णपुंजका’. स्टेपलला कोयंडा, तळटीपेसह.

पुसद : ‘आवृत’ ठीक. सरावाला २५ अणूंचा पुंजका द्या : गाभ्यात १३, वर ६ लांब कोयंडे. गंधक किती, ते मुलांनाच मोजू द्या. १८ आले नाहीत तर त्यांनी कोयंडा साधा धरला असे समजा.