१४ महिन्यांत ७१ रुग्ण: शासकीय निधीच्या अभ्यासात ठरलेली संख्या कशी गाठावी?

प्रश्न – क्षेत्रसमन्वयक, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. एका ग्रामीण रुग्णालयात शासकीय निधीतून चाललेल्या अभ्यासाचे गावपातळीवरील काम मी पाहते. नव्याने उच्च रक्तदाब आढळलेल्या, परंतु अद्याप एकही गोळी सुरू न झालेल्या ३० ते ६० वर्षे वयाच्या रुग्णांची दोन गटांत यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) विभागणी करून उपचार सुरू करण्याच्या दोन पद्धतींची तुलना करायची आहे. २४ महिन्यांत २४० रुग्ण घ्यायचे ठरले होते. १४ महिने उलटले असून आजपर्यंत ७१ झाले आहेत. प्रस्ताव लिहिताना बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदवहीवरून दरमहा ३० पात्र रुग्ण मिळतील आणि त्यांपैकी एक तृतीयांश तयार होतील, असा हिशेब मांडला होता.

निधीच्या पुढच्या हप्त्यासाठी उपयोगिता प्रमाणपत्रासोबत (आधीचा निधी ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला) प्रगती अहवाल पाठवायचा आहे आणि वरून एकच सूचना येते, ती म्हणजे लोकांना नीट समजावून सांगा, संमती वाढवा. आम्ही समजावण्यात कमी पडतो, असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. अंगठा उठवणाऱ्या रुग्णासाठी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार बसवून, संमतीपत्रक वाचून दाखवण्यात आमची पाऊण तासाची वेळ जाते.

गेल्या तीन महिन्यांची चाळणी-नोंद (कोणाला तपासले, कोण पात्र ठरले याची नोंद) देते. रक्तदाब वाढलेले ९४ जण आढळले. त्यांपैकी ६१ जणांच्या गोळ्या आधीच सुरू होत्या, १२ जण वय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे बाद झाले, उरलेल्या २१ पैकी १४ जण सहभागी झाले. जे झाले नाहीत त्यांपैकी एकाने स्पष्ट नकार दिला, बाकीच्या सहा जणांसमोर कारणाच्या रकान्यात जवळजवळ एकच वाक्य आहे: "वेचनी सरली का येतो" (कापसाची वेचणी संपली की येतो). गोळी सुरू असलेल्यांनाही घेण्याची मुभा मागावी का?

उत्तर १ – जुना समन्वयक, वर्धा

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही दिलेल्या आकड्यांतच आहे. २१ पात्र रुग्णांपैकी १४ तयार झाले, म्हणजे दोन तृतीयांश. प्रस्तावात धरलेल्या प्रमाणाच्या दुप्पट. त्यामुळे संमती वाढवण्याचा आग्रह चुकीच्या जागी आहे. तूट आहे ती पात्र रुग्णांत: महिन्याला ३० धरले होते, मिळतात सात. तो ३० चा आकडा कुठून आला ते आधी शोधा. बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदवहीत बहुतेक ठिकाणी भेटी मोजल्या जातात, माणसे नव्हे. दर महिन्याला गोळ्या न्यायला येणारी एकच आजी वर्षभरात बारा ओळी व्यापते. आमच्या एका अभ्यासात मी केसपेपरच्या क्रमांकावरून दुबार नावे काढली, तेव्हा पात्र म्हणून धरलेल्यांतले निम्मेही उरले नव्हते, आणि ही मोजणी प्रस्ताव पाठवण्याआधी केली असती तर पुढची दीड वर्षाची ओढाताण वाचली असती.

दुसरे म्हणजे ते ६१. देशातला उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस ज्या पाच राज्यांत सुरू झाला, त्यांत महाराष्ट्र होता. पुढे उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आले आणि गोळी गावातच मिळू लागली. लोकांच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. तुमच्या प्रस्तावाला मात्र जुनी नोंदवही पुरली नाही. अभ्यास सुरू होताच रुग्ण आटतात, हे अमेरिकी औषधशास्त्रज्ञ लुई लासाग्ना यांच्या नावाने ओळखले जाणारे निरीक्षण आपल्या क्षेत्रात थट्टेने सांगितले जाते, पण बहुतेक वेळा रुग्ण आटलेले नसतात, मुळात मोजलेलेच नसतात.

हे केवळ आपल्याकडे घडते असेही नाही. ब्रिटनमध्ये १९९४ ते २००२ या काळातील सार्वजनिक निधीतून रुग्णांवर झालेल्या ११४ उपचार-चाचण्या तपासल्या गेल्या, तेव्हा रुग्णांची ठरलेली मूळ संख्या एक तृतीयांशाहूनही कमी चाचण्यांनी गाठली होती आणि निम्म्याहून अधिक चाचण्यांना मुदतवाढ मिळाली होती. नंतरच्या १५१ चाचण्यांच्या आढाव्यात रुग्ण घेण्याचा मध्यक (मधोमध येणारा) वेग दर केंद्रामागे महिन्याला एका रुग्णाहूनही किंचित कमी निघाला. तुमचे एक केंद्र महिन्याला पाच रुग्ण घेते. मुदतवाढ मागताना हे संकोच न करता लिहा.

उत्तर २ – संख्याशास्त्र शिकवतो, नागपूर

वरील विश्लेषण मला मान्य आहे. फक्त गोळी सुरू असलेल्यांना घेण्याबद्दल सावध करतो. उपचार कसा सुरू करावा, हा तुमच्या अभ्यासाचा प्रश्न आहे. ज्याचा उपचार सुरू झालेला आहे, त्याच्याकडून त्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. संख्या भरेल, पण ती दुसऱ्याच प्रश्नाची असेल.

थोड्याच रुग्णांवर थांबल्यास काय होते, तेही नैतिकता समितीला (अभ्यासातील रुग्णांच्या हिताची तपासणी करणारी समिती) आकड्यांत सांगावे. २४० ऐवजी १२० रुग्ण झाले तर अंदाजाची विश्वासार्हता-मर्यादा (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा) सुमारे १.४ पट रुंद होते आणि मूळ रचनेत दोन पद्धतींतील खरा फरक ओळखण्याची शक्यता ८० टक्के धरली असेल तर ती ५० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे नाणे उडवण्यासारखेच, आणि तेही सार्वजनिक पैशातून. संख्या कमी करायचीच असेल तर आतापर्यंतचा दोन गटांमधील फरक न पाहता करावी, समितीची मंजुरी घ्यावी आणि क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया (देशातील अशा चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही) येथील नोंदही बदलावी. निकाल डोकावून पाहून घेतलेला निर्णय नंतर कोणत्याही पद्धतीने शुद्ध करून घेता येत नाही.

उत्तर ३ – समुदाय आरोग्य अधिकारी, उपकेंद्र

पलीकडच्या बाजूने लिहिते. संशोधनाची मंडळी आमच्याकडे येऊन "गोळी दोन दिवस थांबवा" असे सुचवतात, ते आम्ही करणार नाही आणि तुम्हीही मागू नये. मात्र आमच्या उपकेंद्रात पहिल्या मोजणीत दाब १४०/९० किंवा अधिक आला आणि तो फार धोकादायक नसला, तर निदान पक्के करण्यासाठी रुग्णाला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले जाते. त्या दुसऱ्या मोजणीच्या वेळी तुमचा माणूस उपकेंद्रात असेल तर कोणाचाही उपचार न लांबवता तुम्हाला पात्र रुग्ण भेटतील. ग्रामीण रुग्णालयात पोहोचेपर्यंत ते तुमच्या ६१ मध्ये जमा झालेले असतात.

आणि वेचणीचे म्हणाल, तर बाई सकाळी शेतात गेली की जितके किलो वेचील तितकी मजुरी. तुमच्या तपासणीचा दिवस म्हणजे तिची रोजी बुडाली. आमच्याकडे चुकारा (मजुरीचे पैसे देणे) आठवडी बाजाराच्या दिवशी होतो, त्या दिवशी कामे बंद असतात आणि सगळे गावात असतात. तुमची तपासणी मंगळवारी का असते?

प्रश्नकर्ती – नऊ दिवसांनी

सर्वांचे आभार. मंगळवार असण्याचे कारण शोधले: त्या दिवशी आम्हाला रुग्णालयाची गाडी मिळते, एवढेच. आमच्या भागातला बाजार शुक्रवारी भरतो.

प्रस्तावासाठी वापरलेल्या नोंदवहीतील सहा महिन्यांची पाने केसपेपर क्रमांकाने पुन्हा लावली. दरमहा ३० चे ११ झाले, आणि त्या वेळी उपकेंद्रांवर गोळ्याही मिळत नव्हत्या. गोळी सुरू असलेल्यांना घेण्याचा मुद्दा सोडून दिला आहे. पाच उपकेंद्रांवर दुसऱ्या मोजणीच्या वेळी थांबणे, तपासणी शुक्रवारी घेणे, प्रवासखर्चासोबत बुडालेल्या मजुरीची भरपाई देणे आणि १२ महिन्यांची मुदतवाढ मागणे, असा दुरुस्तीचा मसुदा नैतिकता समितीकडे दिला आहे. भरपाईची रक्कम आमिष ठरू नये म्हणून ती वेचणीच्या एका दिवसाच्या रोजीइतकीच ठेवली. मात्र रोजी किलोवर असल्याने एक दिवस म्हणजे किती किलो धरायचे, यावर आमची अर्धी बैठक गेली. शेवटी साक्षीदार म्हणून येणाऱ्या आशाताईंनाच विचारून आकडा लिहिला.